बाळाराम तरे यांचा दातवाला मोर

नारपोलीच्या बाळाराम तरेंनी उभ्या आयुष्यात चूक केली नव्हती. म्हणजे चुका व्हायच्या, पण त्या केलेल्या नसत, झालेल्या असत, आणि प्रत्येकीला काहीतरी सबळ कारण असे. एकदा त्यांनी काढलेल्या कोयरीला शेपूट फुटलं, तेव्हा त्यांनी व्यापाऱ्याला शांतपणे सांगितलं की ही कोयरी नाहीच, हा उंदीर आहे, आणि गणपती जवळ आलेत. व्यापाऱ्याने तो माल उंदीर म्हणून विकला आणि पुढच्या वर्षी आणखी मागितला. तेव्हापासून बाळारामांचा स्वतःवरचा विश्वास जो बसला तो बसलाच.

त्यांचा धंदा पत्ते ठोकायचा. खेळायचे पत्ते नव्हेत. नक्षीचं कापड विणणाऱ्या लूमच्या डोक्यावर जेकार्ड नावाचं यंत्र असतं आणि त्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची एक लांबलचक माळ फिरत असते. त्या पट्ट्या म्हणजे पत्ते. पत्त्यात भोक असलं की त्या जागेचा हुक वर जातो आणि धागा उचलतो, नसलं की धागा खालीच. एक पत्ता म्हणजे कापडातली एक ओळ. फूल विणायचं असलं तर आधी ते चौकटींच्या कागदावर काढायचं, मग चौकटी मोजून एकेका पत्त्यात भोकं पाडायची आणि शेवटी दोन-तीनशे पत्ते दोरीने ओवून माळ चढवायची. हल्ली हे सगळं कॉम्प्युटर करतो. हाताने करणारे नारपोलीत बाळाराम एकटेच उरले होते, आणि त्यांच्या मते कॉम्प्युटरलाही त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ होतं.

वडील खाडीत जाळी टाकणारे. पण बाळारामांना होडीत बसलं की उलट्या होत, म्हणून पंधराव्या वर्षी त्यांना निजामपुऱ्यात इद्रिस उस्तादांच्या हाताखाली बसवण्यात आलं. उस्तादांनी पहिल्याच दिवशी चौकटींचा कागद पुढे ठेवून सांगितलं, "जो ग्राफ में बैठा वो सच, बाकी सब खयाल." बाळारामांनी हे इतकं मनावर घेतलं की पुढची सेहेचाळीस वर्षं त्यांनी खरं कमळ, खरा हत्ती किंवा खरा मोर बघायची तसदीच घेतली नाही. कागदात बसला की झाला मोर.

तर दोन वर्षांपूर्वी केसरीनाथ माधवींच्या घरी लग्न निघालं. केसरीनाथशेठ म्हणजे ज्यांच्या भातखाचरांवर आता गोदामं उभी आहेत त्यांपैकी एक. मुलगा मनोज, मुलगी वळ गावची. आगऱ्यांत लग्न एकवेळ साधं चालेल, हळद साधी चालत नाही. हळदीला घरच्या झाडून सगळ्या बाया एकसारख्या साड्यांत दिसायला हव्यात, आणि बाजारातून साड्या उचलाव्यात तर नेमकी शेजारच्या आळीची हळद त्याच साड्या नेसून बाहेर पडते. म्हणून शेठनी ठरवलं की साड्या विणूनच घ्यायच्या. पिवळ्याधमक साठ साड्या, काठावर आणि पदरावर मोर. वीस वधूकडे पाठवायच्या, चाळीस घरात. मोर नाचणारा हवा, पिसारा फुलवलेला.

बाळारामांच्या जेकार्डला काठासाठी एकशेवीस हुक होते. नाचणाऱ्या मोराला त्याच्या दुप्पट लागले असते. हे शेठना सांगणं म्हणजे आपलं यंत्र लहान आहे हे कबूल करणं, म्हणून बाळारामांनी मान डोलावली आणि कागद पुढे ओढला.

पुढे जे घडलं ते एकेक करून बघितलं तर बाळारामांचं कुठेही चुकलेलं नाही. पिसारा मावेना, म्हणून त्यांनी तो मिटवला. मिटलेला पिसाराही जाड होता, म्हणून तो बारीक करत करत एक लांब शेपूट उरलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना थोडी पिसं. पंखाच्या टोकाशी तीनच धागे शिल्लक राहिले, ते त्यांनी सुटे सोडले. पाय त्यांनी शेजाऱ्यांच्या कोंबड्याचे बघून काढले आणि धागा नीट भरावा म्हणून जरा जाड केले. राहिली चोच. चोच तिरकी असते, आणि चौकटींच्या कागदावर तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांनीच उतरते. वरच्या चोचीला सहा पायऱ्या पडल्या, खालच्या चोचीला पाच. मधे जरा जागा राहिली होती, ती त्यांनी तशीच ठेवली, मोर ओरडतो आहे असं समजून. शेवटी डोक्यावर झकास तुरा काढला आणि पत्ते ठोकायला घेतले.

पहिली साडी लूमवरून उतरली तेव्हा त्यांच्या बायकोने, सुवर्णाने, ती दाराशी उजेडात धरली आणि विचारलं की हळदीच्या साडीवर घोरपड कशाला काढलीत. बाळाराम म्हणाले की अजून इस्त्री व्हायची आहे. सुवर्णाने आणखी एकदा निरखून बघितलं, कशाकशाला इस्त्री लागेल याचा अंदाज घेतला आणि भाकऱ्या थापायला आत गेली.

तीन आठवड्यांत साठही साड्या झाल्या. हिशेबाने चौदा हजार चारशे मोर. घड्या घालून, सोनेरी कागदात बांधून त्या शेठच्या घरी पोचल्या. बांधणी इतकी देखणी होती की शेठनी ती न सोडताच वीस साड्या वळला रवाना केल्या.

उरलेल्या चाळिसांचं पहिलं पुडकं आक्काने सोडलं. आक्का म्हणजे केसरीनाथांची थोरली बहीण, वय ऐंशी, घरातला शेवटचा शब्द तिचा. महिन्यापूर्वीच तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून तिला गरजेपेक्षा जास्त दिसायला लागलं होतं. भावजयीने वीस वर्षं झाकून ठेवलेली भिंतीवरची चीर तिला दिसली होती. तिने साडी मांडीवर घेतली, नीट निरखली आणि बाळारामांना बोलावणं धाडलं.

"बाळाराम," ती म्हणाली, "मोराला दात कवापासून यायला लागलं?"

बाळारामांनी उजेडाचा दोष काढला. आक्काने बॅटरी मागवली. बॅटरीच्या उजेडात दात आणखी स्वच्छ दिसले. तिने काडेपेटीतल्या काडीने ते मोजले, अकरा भरले. मग तिने पंखाच्या टोकाकडे काडी नेली आणि तीन नखंही मोजली. हे जनावर अंगावर घेऊन बाया हळदीला नाचायच्या कशा, असं तिने विचारलं, आणि नवरदेवाला चावलं म्हणजे? हळद तीन दिवसांवर आली होती. बाळाराम म्हणाले की दात दिसतात ते खरं, पण मोर तोंड मिटेल तेव्हा दिसणार नाहीत.

नेमका तेव्हाच वळहून फोन आला. नवरी मुलीने निरोप दिला होता की साडीवरचा पक्षी ज्यांनी काढला त्यांना तिला भेटायचं आहे. जमलं तर आजच.

केसरीनाथशेठ मटकन खाली बसले. त्यांनी लग्न मोडलेलं पाहिलं, मंडप उतरलेला पाहिला, सगळं बसल्या जागी पाहिलं. मग उठले आणि बाळारामांना गाडीत घातलं. वळ तसं काही लांब नाही, पण रस्ताभर गोदामांचे कंटेनर अडकून पडलेले, त्यामुळे माफीची तालीम करायला भरपूर वेळ मिळाला. शेठनी वाक्य सोपं करून दिलं होतं: माझी चूक झाली. बाळाराम 'चूक झाली' इथपर्यंत छान म्हणत. 'माझी' काही केल्या येईना. आलं तरी 'तशी' किंवा 'एका अर्थी' असं काहीतरी सोबत घेऊन येई. वळच्या वेशीपर्यंत ते 'एका अर्थी माझ्याकडून यंत्राची चूक झाली' इथवर पोचले होते.

नवरी मुलगी, मृणाली, ओटीवर साडी पसरून तिच्यावर जवळजवळ ओणवी झाली होती. हातात भिंग. ती कल्याणच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची, म्हणजे दगड शिकवायची, असं तिच्या आईने पाहुण्यांना पाणी देता देता जरा संकोचाने सांगितलं. मृणालीने बाळारामांना नमस्कार केला आणि विचारलं, "काका, आर्किओप्टेरिक्स तुम्ही कुठे पाहिलात?"

बाळारामांना वाटलं, हे कायद्यातलं कलम असावं. असल्या वेळी गप्प राहिलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, एवढं त्यांना माहीत होतं.

"नारपोलीला," ते म्हणाले.

मृणालीचा चेहरा उजळला आणि लगेच शंकेने आक्रसला. ती म्हणाली की नारपोलीला कसा मिळेल? आपल्या सगळ्यांच्या पायाखाली जो काळा दगड आहे तो लाव्हा आहे, थंड होऊन थिजलेला, आणि तो आहे साडेसहा कोटी वर्षांचा. हा पक्षी तर पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि सापडला तोही पार जर्मनीत. असं म्हणत तिने आतून एक जाड पुस्तक आणलं आणि एक पान उघडून बाळारामांच्या पुढ्यात ठेवलं.

पानभर एका पिवळट दगडाचा फोटो होता. दगडात एक पक्षी पडला होता. मान मागे वळलेली, पाय पसरलेले, आणि दोन्ही बाजूंना पंखांचे ठसे, एक-एक पीस मोजून घ्यावं इतके स्पष्ट. जबड्यात दात. पंखाच्या टोकाशी तीन नखं. मागे हाडांचं लांब शेपूट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पिसं.

बाळारामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांनी बोट ठेवून पिसं मोजायला सुरुवात केली, जशी ते कागदावरच्या चौकटी मोजत, आणि मोजता मोजता त्यांच्या मनात आलं की हे कुणी काढलेलं नाही. मऊ चिखलात एक पाखरू पडलं, वर चिखलाचा थर बसला, त्याचा दगड झाला, आणि पाखरू गेलं तरी त्याचं माप राहिलं. पंधरा कोटी वर्षं कुणी न बघता राहिलं. त्या नादात ते खरं बोलून गेले.

"बाय, हा मोरच हाय. मना हुक कमी पडले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पिसारा, शेपूट, सुटे सोडलेले तीन धागे, कोंबड्याचे पाय, चोचीच्या पायऱ्या. केसरीनाथशेठनी डोळे मिटून घेतले. मृणाली मात्र हसायला लागली ती थांबेचना. हसणं आवरल्यावर म्हणाली की काका, तिकडेही साधारण असंच झालं. दोन पायांवर पळणारे लहान डायनोसॉर होते, त्यांच्यातल्या काहींच्या अंगावर पिसं आली, ती आधी बहुधा उबेसाठी. उडायचा विचारच नव्हता. पुढे त्याच पिसांचा उडायला उपयोग झाला. हाताला तीन बोटं होती, त्यांचाच पंख झाला. नंतरच्या पाखरांचं शेपूट आखडलं, दात गेले, चोच राहिली. कुणी बसून नवा पक्षी आखला नव्हता, आणि हे सगळं व्हायला कोट्यवधी वर्षं गेली.

"म्हंजे नवीन ग्राफ काढलाच न्हाय," बाळाराम म्हणाले. "जुन्याच माळेतले दोन-चार पत्ते बदलत गेले."

मृणालीने पेन घेतलं आणि हे वाक्य पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलं.

केसरीनाथशेठना लग्न वाचल्याचं एव्हाना कळलं होतं, त्यामुळे त्यांनाही चर्चेत भाग घ्यावासा वाटला. त्यांनी विचारलं की म्हणजे मोर हा डायनोसॉरच का. मृणाली म्हणाली, डायनोसॉरचाच वंश, आणि कोंबडीसुद्धा. शेठ दुपारी जेवणात कोंबडीच खाऊन आले होते. त्यानंतर ते मधून मधून पोटावरून हात फिरवत राहिले.

एकच गोष्ट मृणालीला खटकत होती. ती म्हणाली, सगळं जुळतं, पण तुरा नको होता. दगडात कुठेही तुऱ्याची खूण नाही.

बाळाराम चुकीच्या बाबतीत आज एकदा नमले होते, दुसऱ्यांदा नमायची त्यांची तयारी नव्हती. "दगडाला हुक कमी पडले असतील," ते म्हणाले.

परत आल्यावर आक्काला समजावणं हे खरं काम होतं. दगड, लाव्हा, जर्मनी यांतलं तिला काहीच पटलं नाही. शेवटी मृणालीलाच फोन लावून दिला. आक्काने फोन कानापासून हातभर लांब धरला आणि विचारलं की हे दातवालं पाखरू तुझं कोण लागतं. मृणालीने सांगितलं की सगळ्या पाखरांची आजी म्हणायला हरकत नाही. सख्खी की चुलत यावर जाणकारांची अजून भांडणं चालली आहेत, बहुधा चुलतच. आक्काने यावर विचार केला. भाऊबंदकीची भांडणं मिटत नाहीत हे तिला नव्याने सांगायची गरज नव्हती.

"चुलत झाली म्हणून काय, आजीच न ती," ती म्हणाली, आणि प्रश्न सुटला. हळदीत पूर्वजांना आवतण द्यायचंच असतं. ही जरा लांबची पूर्वज, एवढंच. आक्काने तिथल्या तिथे धवलारीण तुळजाबायला निरोप धाडला की आवतणात एक नाव वाढलंय.

धवलारीण म्हणजे लग्नातली गाणी म्हणणारी, देवांना आणि मेलेल्या माणसांना नावं घेऊन मांडवात बोलावणारी बाई. तुळजाबायने चाळीस वर्षांत गावदेवापासून बुडालेल्या होड्यांच्या खलाशांपर्यंत सगळ्यांना बोलावलं होतं, पण असलं नाव तिच्या जिभेला कधी लागलं नव्हतं. बाळाराम स्वतः तिच्या घरी जाऊन नाव शिकवून आले. म्हणजे त्यांनी आर्कोटेरी शिकवलं, तिने अर्कुटबाय ऐकलं, आणि तेही चालीत बसेना म्हणून हळदीच्या दिवशी शेवटी अर्कूबाय झालं.

हळद दणक्यात झाली. संध्याकाळी मांडव भरला, तुळजाबायने गावदेवाला बोलावलं, खाडीला बोलावलं, माधवींच्या सात पिढ्यांना बोलावलं आणि मग आवाज चढवून पंधरा कोटींच्या अर्कूबायला बोलावलं, ये ग माये, दातांनी सुपारी फोडायला ये. मागच्या खुर्च्यांवर खळबळ उडाली. या भागात कोटी हा शब्द वर्षांना लावायची सवय कुणालाच नव्हती, त्यामुळे शेठनी आणखी एक जमीन पंधरा कोटींना विकली अशी बातमी जेवणाच्या पंगती बसायच्या आत गावभर झाली. मग बँजो वाजला आणि चाळीस बाया नाचायला उतरल्या. एकेक गिरकी घेतली की निऱ्यांमधून अकरा दात चमकत आणि मिटत, चमकत आणि मिटत. लहान पोरं चित्कारत मांडवाच्या खांबांमागे पळत होती. वळलाही त्याच वेळी वीसजणी नाचत होत्या आणि नवरी मुलगी पाटावर बसल्या बसल्या, हळद लावून घेत, कुठल्याशा मावशीला तीन बोटांचा पंख कसा होतो ते समजावत होती असं नंतर समजलं.

बाळाराम बाजूच्या खुर्चीत शरबत घेऊन बसले होते. त्यांना आपले चौदा हजार पक्षी एकाच वेळी उडताना दिसत होते. तेवढ्यात शेजारचे एक वयस्कर गृहस्थ त्यांच्याकडे झुकले आणि म्हणाले, डोकं कमाल हाय हो तुमचं, हे सुचलं कसं?

बाळारामांनी शरबत खाली ठेवलं. साठ वर्षांत जो शब्द आला नव्हता तो आता सहज आला.

"चूक झाली," ते म्हणाले. "माझी."

गृहस्थ कौतुकाने हसले. त्यांनी ही गोष्ट पलीकडच्याला सांगितली, त्याने पुढच्याला. एवढं मोठं काम करून माणूस किती नम्र, असं सगळे म्हणायला लागले. बाळाराम दोन-तीन जणांना अगदी कळवळून सांगायला गेले की खरोखर चूक होती, चोच होती ती. कुणी विश्वास ठेवला नाही. एक जण तर त्यांच्या पाया पडला. घरी जाताना त्यांनी ही तक्रार सुवर्णापाशी केली, तेव्हा ती म्हणाली की माझा विश्वास हाय.

त्यानंतर बाळारामांच्या कारखान्यात फुलं आणि कोयऱ्या मागे पडल्या. भिंतीवर मृणालीने दिलेला एक तक्ता लागला, खाली सगळ्यात जुनं, वर अलीकडचं. डायनोसॉर पहिल्यांदा आले तेव्हा ते कसे बारके आणि किरकोळ होते, मग लांब मानेचे आले, पाठीवर तावदानं लावलेले आले, मग फुलझाडं आली, मग शिंगवाले आणि मोठ्या जबड्याचे, आणि सगळ्यात वर तो लाव्हा. लूमवरचे कारागीर येता-जाता तक्ता वाचत आणि ड्युटी संपल्यावर आपसांत कोण कुणाला खाऊ शकला असता यावर वाद घालत. बाळाराम दर दोन-तीन दिवसांनी मृणालीला फोन करून विचारत की लांब मानेवाल्याचा गुडघा पुढे वळतो की मागे, आणि अंडी घालताना तो खाली बसतो का, कारण खाली बसवला तर चाळीस पत्ते वाचतील.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे सुरतेचा एक व्यापारी आला. त्याला मुलांच्या चादरी हव्या होत्या, सगळे डायनोसॉर एकत्र, मारामारी करताना. बाळारामांनी नमुना विणून दाखवला. एका बाजूला पाठीवर तावदानं असलेला स्टेगोसॉरस चरत होता, दुसऱ्या बाजूला टी-रेक्स जबडा उघडून धावत होता, आणि दोघांच्या मधे हातभर कोरं कापड होतं.

व्यापाऱ्याने चादर उलटसुलट केली. "ये बीच में खाली क्यों छोड़ा?"

"खाली नहीं है सेठ," बाळाराम म्हणाले. "इसमें आठ करोड़ साल हैं."

व्यापाऱ्याने कोऱ्या कापडावरून हात फिरवला. मग म्हणाला की साल थोडे कम करो, बच्चों को लड़ाई देखनी है. बाळाराम म्हणाले, लढाई होऊच शकत नाही, हा मेला तेव्हा तो जन्माला यायला आठ कोटी वर्षं होती, वाटलं तर मृणालीला फोन लावून देतो. बरीच घासाघीस झाली. दोनदा चहा आला. शेवटी चार इंचांवर सौदा ठरला, पण ते चार इंच कोरेच राहतील, भरायला एकही फूल काढणार नाही, अशी अट बाळारामांनी घातली आणि व्यापाऱ्याने ती मान्य केली.